वशाटाचे वार

साताऱ्यात मटण कधी खायचं नाही, याचं वेळापत्रक कुठल्याही सरकारच्या आधीपासून तयार आहे. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवारी कुणाचा गणपती, कुणाची देवी. मध्येच एकादशी किंवा संकष्टी आली की तोही वार गेला. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यातला शुक्रवार लक्ष्मीसाठी सोडणारी घरं आहेतच. वर आख्खा श्रावण, नवरात्राचे नऊ दिवस. घरात एखादं माणूस माळकरी असतं, त्याचं जेवण होईपर्यंत रश्श्याचं पातेलं झाकून ठेवायचं. आखाडात लोक वशाटावर एवढे तुटून का पडतात, हे या वेळापत्रकावरून कळतं. पुढे महिनाभर काही मिळणार नसतं.

*

२०१९ साली ईट-लॅन्सेट आयोगाने माणसाला आणि पृथ्वीला दोघांनाही झेपेल असा आहार मांडला. त्यात लाल मांस दिवसाला सरासरी १४ ग्रॅम, म्हणजे आठवड्याला शंभरेक ग्रॅम. जर्मनीच्या पोषण संस्थेने २०२४ मध्ये लोकांना सांगितलं, सगळं मांस मिळून आठवड्याला ३०० ग्रॅमच्या वर जाऊ नका. तिकडे यावर बराच आरडाओरडा झाला.

आता आपल्या गल्लीतला हिशोब. रविवारी किलोभर मटण येतं, खाणारी आठ तोंडं. हाडासकट माणशी सव्वाशे ग्रॅम. हाडं, चरबी वगळली की आयोगाच्या आकड्याच्या आसपासच येतो आपण, तेही खाटकाच्या तराजूवर. आणि हा झाला मटणाचा रविवार. किलोला सात-आठशे रुपये मोजावे लागतात तेव्हा दर रविवारी मटण कुणाकडे? बाकीच्या रविवारी कोंबडी, नाहीतर अंड्याचं कालवण, महिनाअखेरीला सुकट.

देशाचा हिशोबही असाच. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने २०२२-२३ चं मांस उत्पादन सुमारे ९७ लाख ७० हजार टन दिलं आहे. माणशी वर्षाला सात किलो. अमेरिकेत हा आकडा शंभराच्या पुढे आहे. कमी खा म्हणणाऱ्याने पहिला दरवाजा कुठला ठोठावायचा, हे यावरून उघड आहे.

*

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या पुरुषांपैकी ८३ टक्के आणि बायकांपैकी ७० टक्के मांसाहार करणारे निघाले. तेरा टक्क्यांची ही तफावत सोवळ्याओवळ्याने आलेली असेलही. पण पाहणी ताटात डोकावत नाही. फोडी बाप्यांच्या ताटात, कलेजी लहान पोराला, रस्सा आणि तळाचा मसाला वाढणारीला, ही वाटणी तिच्यात कुठेच दिसत नाही. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. त्यांना मांस कमी करा असं सांगायला कुठला अधिकारी जाणार आहे?

*

गल्लीतल्या आबांना विचारलं, "सरकारनं उद्या मटण कमी खा म्हणून सांगितलं तर?"

"सरकारनं? आदी दर कमी करा म्हनावं. मग खायचं कमी."

*

खरं तर आपल्याकडच्या सरकारांनी आरोग्यासाठी किंवा हवामानासाठी मांस कमी करा असं लोकांना सांगितल्याचं फारसं ऐकिवात नाही. सरकार जे करतं ते कॅलेंडर बघून. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी कत्तलखाने आणि मांसाची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला. नागपूर, मालेगाव, छत्रपती संभाजीनगरातही तेच. गदारोळ झाला. उपमुख्यमंत्री अजित पवारांनी अशी बंदी चुकीची म्हटलं. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी हा निर्णय १९८८ पासूनचा आहे आणि कुणी काय खावं यात सरकारला रस नाही असं सांगून हात झटकले. आता १५ ऑगस्टला बोकड कापला तर स्वातंत्र्याचं काय बिघडतं, हे १९८८ पासून कुणी विचारलं नसावं.

त्याच्या दहा वर्षं आधी, २०१५ मध्ये, मुंबईत जैनांच्या पर्युषणातल्या मांसबंदीवरून असाच खटला उच्च न्यायालयात गेला होता. मटण बंद आणि मासे चालू, हे कसं, असं न्यायालयाने विचारलं. सरकारी बाजूने उत्तर आलं की मासा पाण्याबाहेर काढताच मरतो, त्याची कत्तल होत नाही. इतकं चोख उत्तर कृष्णेकाठच्या भोयालाही सुचलं नसतं.

*

स्पेनच्या एका मंत्र्याने २०२१ मध्ये लोकांना मांस कमी करायची विनंती केली. पत्रकारांनी पंतप्रधानांना गाठलं, तर ते म्हणाले, मला नीट भाजलेला गोमांसाचा तुकडा दिला तर त्याला तोड नाही. म्हणजे मंत्रिमंडळात एकवाक्यता नसणं ही फक्त आपली खासियत नव्हे.

*

मांढरदेव. वाई तालुक्यातला काळूबाईचा डोंगर. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमा. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, चेंगराचेंगरी, मग दुकानांना लागलेली आग आणि फुटलेली सिलिंडरं. तीनशेच्या आसपास माणसं गेली. न्यायमूर्ती कोचर यांचा आयोग नेमला गेला. तेव्हापासून दर पौषात प्रशासनाचे आदेश निघतात: यात्रेत पशुहत्या करायची नाही, नारळ फोडायचा नाही, तेल वाहायचं नाही, वाद्यं वाजवायची नाहीत.

सातारा जिल्ह्यात बोकडावर सरकारने खरोखर हात घातला तो इथे. आणि तो माणसांच्या जिवासाठी घातला, कुणाच्या धर्मभावनेसाठी नव्हे, म्हणून त्याला फार मोठा विरोध टिकला नाही. ज्यांच्या घरातली माणसं त्या पायऱ्यांवर गेली, त्यांना कारण समजावून सांगायची गरज नव्हती. बोकड मात्र वाचला असं समजू नये. देवीचा नवस गडावर फेडायचा राहिला तरी घरी फिटतो, शेतात फिटतो, डोंगर उतरल्यावर कुठेतरी फिटतो. बंदी जागेवर आली, भुकेवर नाही. आणि जागेपुरतीच हवी होती.

*

त्याच्या कितीतरी आधी गाडगेबाबा हेच सांगत फिरत होते. नवसाला बकरं मारू नका, कर्ज काढून जत्रेत पाव्हण्यांना जेवायला घालू नका. त्यांच्या हातात खराटा होता, शासन निर्णय नव्हता. लोक ऐकायचे, हसायचे, रडायचे. काही जण खरोखर थांबायचे. त्यांचा मुद्दा दोन पायांवर उभा होता: जनावराचा जीव आणि सावकाराचा हिशोब. दुसरा पाय शेतकऱ्याला जास्त पटायचा.

पुढे साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जत्रेतल्या पशुबळीविरुद्ध मोहिमा काढल्या. देव बोकड मागत नाही, असं गावात जाऊन म्हणायला छाती लागते. त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जो कायदा झाला त्याच्या लांबलचक नावात नरबळी आहे, पशुबळी नाही. त्यातही शहाणपण आहे असं मला वाटतं. माणूस मारू नका हे कायद्याने सांगायचं. बोकड मारू नका हे कीर्तनाने सांगायचं.

*

जत्रेचं अर्थशास्त्र लिहायला हवं कधीतरी. पहिल्या दिवशी गोडा नैवेद्य, पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी खारा. पाव्हणे दुसऱ्या दिवशी जास्त येतात. मुंबईला माथाडी असलेला, पुण्यात रिक्षा चालवणारा, सगळे त्या एका दिवसासाठी गावी येतात; एका घरात शंभर पानं उठणं नवलाचं नाही. वर्षभराच्या मांसाचा मोठा हिस्सा अशा पाच-सहा जत्रांत पोटात जातो. आठवड्याची सरासरी काढणाऱ्या पाश्चात्त्य आहारतज्ज्ञाला हे खाणं मोजता येणार नाही. वर्षाचे साडेतीनशे दिवस हा माणूस त्याच्या लेखी आदर्श, आणि पंधरा दिवस गुन्हेगार.

*

फलटण. सरकार मांस कमी करायला बघतं की वाढवायला, हे कळण्यासाठी फलटणला जावं.

बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. लोक त्यांना बॉन निंबकर म्हणत. आई अमेरिकन, पत्नी जाई निंबकर, म्हणजे इरावती कर्व्यांची मुलगी. हा माणूस फलटणच्या कोरड्या माळावर कापूस, करडई, ज्वारी, शेळ्या, मेंढ्या यांच्या मागे आयुष्यभर लागला. संस्थेतलं मेंढ्यांचं काम त्यांच्या कन्या चंदा निंबकरांनी पुढे नेलं.

गोष्ट अशी. आपली दख्खनी मेंढी, त्यातली लोणंद भागातली, बहुधा एका वेताला एकच कोकरू देते. बंगालात सुंदरबनाच्या बाजूला गरोळ नावाची ठेंगणी मेंढी आहे, ती जुळी देते. तिच्यात एक जनुक आहे. तेच जनुक ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत सापडलं, आणि अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून जहाजाने गेलेल्या मेंढ्यांतून ते तिकडे पोचलं असावं असं मानतात. म्हणजे बंगालची मेंढी ऑस्ट्रेलियात जाऊन प्रसिद्ध झाली, मग ऑस्ट्रेलियाच्या मदतीने फलटणला संशोधन झालं आणि बंगालचंच जनुक दख्खनी मेंढीत आलं. या नव्या मेंढीचं नाव नारी सुवर्णा. तिला बऱ्याचदा जुळी होतात. ऑस्ट्रेलियाच्या पैशाबरोबर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचाही या कामात हात होता. याच संस्थेने १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेची बोअर शेळी इथे आणली, मांसल.

वरवर बघता हे सगळं मांस वाढवायचं काम. पण माळावर उभं राहून विचार केला तर वेगळं दिसतं. दहा कोकरं हवी असतील तर दहा मेंढ्या चारायच्या की सहा? धनगराचा कळप लहान होतो, चाऱ्यावरचा ताण कमी होतो, पैसा तेवढाच राहतो. माण तालुक्यातल्या माळावर गवत किती उगवतं ते ज्याने पाहिलंय त्याला हे समजेल. युरोपातली सरकारं ताटातून मांस काढून जे साधू बघतात, त्यातलं थोडंफार इथे मेंढीच्या पोटातून साधलं जातंय. जुळी कोकरं जगवायला दूध आणि देखभाल जास्त लागते, फिरत्या कळपात ती सहज मिळत नाही. ही अडचण खरी आहे आणि ती प्रयोगशाळेत सुटत नाही.

*

सरकारचा पैसा कुठे जातो ते बघा, भाषणं सोडा. राजे यशवंतराव होळकर महामेष योजना, २०१७ पासून: वीस मेंढ्या आणि एक नर, ७५ टक्के अनुदान. केंद्राचं पशुधन अभियान: पाचशे शेळ्या आणि पंचवीस बोकडांच्या गोठ्याला ५० लाखांपर्यंत. दहिवडीला आणि कवठेमहांकाळच्या रांजणीला मेंढी विकासाची सरकारी प्रक्षेत्रं आहेत. एक हात बोकड वाढवतो, दुसरा हात १५ ऑगस्टला दुकानाचं शटर ओढतो. दोन्ही हात एकाच सरकारचे.

*

माडग्याळ, तालुका जत. तिथल्या मेंढीचं नाक पोपटासारखं बाकदार. २०२० मध्ये आटपाडीच्या जत्रेत सर्जा नावाच्या एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली. मालकाने दिला नाही, दीड कोट म्हणाला. या मेंढ्याला तरी कुणी खाणार नाही. दर वाढवला की जनावर वाचतं, हे जनावरांच्या वायूवर कर बसवणाऱ्या डेन्मार्कच्या आधी आटपाडीला कळलं होतं.

*

पर्यावरणासाठी सरकारने शेळीला खरोखर आवरलंय, पण त्याला कुणी आहारधोरण म्हणत नाही. आदर्श गाव योजनेच्या शपथेत कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान यांच्या जोडीला चराईबंदी आहे. राळेगण, हिवरे बाजार इथून आलेली ही सूत्रं माण-खटावच्या गावांनीही ऐकली. डोंगरावर समतल चर खणायचे, रोपं लावायची, आणि पाच वर्षं तिथे शेळी फिरकू द्यायची नाही. शेळी कोवळा शेंडाच खुडते, त्यामुळे हे बरोबरच. डोंगर हिरवे झालेले मी पाहिलेत.

पण शेळी कुणाची होती? ज्या बाईला शेत नाही, गाय घ्यायची ऐपत नाही, तिची. शेळी ही गरिबाची गाय, असं गांधीजींच्या नावावर सांगतात. पोराची फी, दवाखाना, गौरीचं लुगडं, सगळं त्या चार शेळ्यांवर. चराई बंद झाली तेव्हा ग्रामसभेत हात वर करणारे बहुतेक बागायतदार होते, त्यांना वर अडवलेलं पाणी खाली विहिरीत मिळणार होतं. शेळीवालीला सांगितलं, बंदिस्त शेळीपालन कर. बंदिस्त म्हणजे चारा विकत. तो कुठल्या शेतातून आणायचा? काही गावांनी तिला डोंगरावरचं गवत कापून न्यायचा हक्क दिला. ती गावं शहाणी. बाकीच्या ठिकाणी पर्यावरणाचं बिल तिच्या नावाने फाडलं गेलं.

म्हणून उद्या कुणी माझ्या जिल्ह्यात मांस आणि हवामान यांवर धोरण लिहायला बसला, तर त्याने आधी या बाईला बोलवावं.

*

सांगली. कृष्णाकाठी उसाला पाणी पाजून पाजून जमीन क्षारपड झाली. वाळवा, पलूस, मिरज, तासगावच्या काही शिवारांत पांढरा थर आलेला दिसतो. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या पंपांनी वीज खाऊन पाणी वर चढवलं. आणि पर्यावरणाच्या नावाने बोलायचं झालं की बोट जातं ते पडीक रानात पावसावर वाढलेलं गवत खाणाऱ्या मेंढराकडे. द्राक्षवाला उलट वागतो. तो धनगराला पैसे, धान्य देऊन रानात मेंढरं बसवतो, लेंडीखतासाठी. साखर शाकाहारी आहे, एवढंच तिचं पुण्य.

*

अंडं. हे टिपण लांबणार.

७ नोव्हेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र सरकारने निर्णय काढला: शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं. उकडून, पुलावात, कसंही. न खाणाऱ्याला केळं. एका अंड्याला पाच रुपये. विरोध झाला, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये सुधारणा आली की जिथे ४० टक्के पालकांचा विरोध असेल तिथे अंडं द्यायचं नाही. म्हणजे साठ जणांच्या पोरांनी चाळीस जणांच्या सोवळ्यासाठी थांबायचं. मग जानेवारी २०२५ मध्ये पैसाच बंद. अंडं द्यायचं असेल तर शाळेने लोकसहभागातून द्यावं. वर्षाला वाचले पन्नासेक कोट.

कारण आरोग्याचं दिलं नाही, पर्यावरणाचं दिलं नाही. निधी नाही, एवढंच. तेच राज्य आदिवासी भागात अमृत आहार योजनेत लहान मुलांना अंडी देतं, कारण तिथे उपयोग दिसला. माण-खटावच्या वाडीतल्या पोराचं पोट वेगळं असतं का? महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, सहा महिने ते पाच वर्षांतल्या ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. हे आकडेही त्याच पाचव्या पाहणीचे.

लोकसहभाग हा मोठा गोड शब्द. साताऱ्यात त्याला इतिहासही आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहं चालवली, लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. पण तेव्हा सरकार इंग्रजांचं होतं. आजच्या गुरुजीने पटावरच्या पोरांसाठी दर बुधवारी अंड्यांचे पैसे कुणाच्या दारात मागायचे? मागतातही. वाढदिवस असला की एखादा ट्रे मिळतो, निवडणुकीच्या तोंडावर दोन मिळतात. पुढच्या बुधवारी परत मुगाची उसळ. उसळ वाईट नाही. पण पोरं मोजतात, आणि अंड्याचा दिवस असला की पट भरतो.

ज्यांना मांसाहार कमी करायचाय त्यांनीही अंड्याच्या बाजूने उभं राहायला हवं असं माझं मत आहे. एवढ्या थोड्या चाऱ्यात, एवढ्या थोड्या पाण्यात इतकं चांगलं प्रथिन दुसऱ्या कुठल्या जनावराकडून फारसं येत नाही. लॅन्सेटच्या आयोगानेही अंडं काढून टाकलेलं नाही. ते काढलं आमच्याच सरकारने, आणि तेही जिथे सगळ्यांत जास्त गरज होती त्या ताटातून.

*

दूध. हे टिपण लिहायला भीती वाटते, कारण इथे प्रत्येकाच्या घरी डेअरीचं पासबुक आहे.

जागतिक अन्न संघटनेने २०१३ मध्ये हिशोब दिला: माणसामुळे होणाऱ्या उष्णतावायूंत पशुपालनाचा वाटा १४.५ टक्के. त्या वाट्यात गोमांस ४१ टक्के, आणि गाईचं दूध २०. रवंथ करणारं जनावर ढेकर देतं आणि ढेकरातून मिथेन जातो. ढेकर देताना गाय शाकाहारी मालकाची की मांसाहारी मालकाची, हे ती बघत नाही. सातारा-सांगलीत मिथेन मोजायला कुणी आलाच, तर तो खाटकाच्या दुकानाआधी संकलन केंद्रावर येईल. डेन्मार्कने २०३० पासून जनावरांच्या वायूवर कर बसवायचं ठरवलंय, टनाला ३०० क्रोनर, २०३५ मध्ये ७५०. त्यातून मोठी वजावट आहे, तरी कर तो करच. असा कर दूधवाल्या भिलवडीच्या नाक्यावर जाहीर करून बघावा.

आणि दूध-मांस वेगळं करता येत नाही. गाय दूध देते कारण ती विते. निम्मी वासरं खोंड. होलस्टिन संकराच्या खोंडाला औताला कुणी जुंपत नाही, त्याला खांदाच नाही. मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल, खोंड यांच्याही कत्तलीला बंदी आहे. कायदा मूळचा १९७६ चा, दुरुस्ती १९९५ मध्ये सभागृहात मंजूर झालेली, राष्ट्रपतींची सही वीस वर्षांनी. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, मात्र बाहेरच्या राज्यातलं मांस जवळ बाळगण्याबद्दलचं कलम रद्द केलं. हाही कायदा आरोग्यासाठी नव्हता, हवामानासाठी नव्हता. परिणाम मात्र गोठ्यात झाला. भाकड गाय, म्हातारा बैल, खोंड, सगळे दावणीला, नाहीतर रात्री कुणीतरी रस्त्याला सोडून दिलेले. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाने रस्त्यावरच्या छळाला कंटाळून जनावरं घेणंच बंद केलं, तेव्हा बाजारात म्हशींनाही गिऱ्हाईक राहिलं नाही. ज्यांनी कधी मांसाला हात लावला नाही, ते माळकरी शेतकरीही अडकले. मांसाच्या बाजाराशी आपला काही संबंध नाही असं समजणाऱ्या दूधवाल्याला तो संबंध त्या महिन्यात दिसला.

त्यावर तोडगा निघालाय तोही तंत्राचा: कालवडच व्हावी अशी रेतनाची कांडी. दहातल्या नऊ वेळा कालवड. ती वापरली की खोंडाचा प्रश्न जन्मालाच येत नाही. गाडगेबाबांनी याला काय म्हटलं असतं, सांगता येत नाही.

*

बंगळूरच्या संशोधन संस्थेने 'हरित धारा' नावाचा खुराक तयार केलाय, गाईचा मिथेन पाचवा हिस्सा कमी करणारा. त्यामुळे दूध लिटरभर वाढतं असं कुणी सांगितलं तर उद्या गावोगाव पोती उतरतील. हवामान वाचतं एवढंच सांगून भागणार नाही.

*

मिरजेपासून कर्नाटक हाकेवर. जून २०२४ मध्ये तिथल्या सरकारने कोंबडीच्या आणि माशाच्या कबाबात कृत्रिम रंग घालायला बंदी केली. त्याआधी गोबी मंचुरियनमध्ये आणि बुढ्ढी के बालमध्येही. फुलकोबी आणि कोंबडी एकाच न्यायाने. मांसाबद्दलचा सरकारी निर्णय असाही असू शकतो. सीमेच्या अलीकडे आमच्या गाड्यांवर लालभडक तंदुरी तशीच टांगलेली असते. खाणाऱ्या पोरांचं वय बघता, हवामानाआधी हाच प्रश्न निकडीचा आहे. सॉसेज, सलामी असल्या प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्येच पहिल्या यादीत टाकलंय, तंबाखूच्या रांगेत. ते अजून आपल्या जत्रेत आलेलं नाही. मॉलच्या फ्रीजमध्ये आलंय.

*

१९६५. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. धान्य कमी होतं, युद्ध होतं. हॉटेलं सोमवारी संध्याकाळी बंद राहायची. कायदा नाही, दंड नाही. आमच्याकडच्या बायका आधीच सोमवार करत होत्या, आता पुरुषांनाही धरावा लागला. पंतप्रधान स्वतः जेवत नाहीत, यावर लोकांचा विश्वास होता. हल्ली असं आवाहन झालं तर लोक आधी विचारतील, मंत्र्याच्या बंगल्यावर आज काय शिजलंय.

*

मिरज हे डॉक्टरांचं गाव, मिशन हॉस्पिटलच्या वॉनलेस साहेबांपासून. मांसाहार कमी करायचा सगळ्यांत परिणामकारक आदेश तिथेच सुटतो, चिठ्ठीवर. अंगठा सुजलेला, युरिक ॲसिड वाढलेलं, बीपी वर. पंचविशीतल्या डॉक्टरीणबाई साठीतल्या पैलवानाला सांगत होत्या, मटण बंद.

"फोडी नाय खात बाई. नुस्ता रस्सा घीन."

"काका, सगळं रश्श्यातच उतरतं. फोड एखादी खा, रस्सा नको."

काका बराच वेळ गप्प. मग बाहेर येऊन बायकोला म्हणाले, "ही पोरगी सातारची नसनार."

बायको म्हणाली, "औषधाची चिठ्ठी द्या हिकडं."